न आणलेल्या भाजीचा हिशेब

वही मुलीची, आठवीच्या भूगोलाची. पहिल्या अकरा पानांवर वारे आणि पावसाचे प्रकार. एका पानावर डोंगर काढलाय. डाव्या उतारावर पेन्सिलीच्या तिरक्या रेघांचा पाऊस, उजवी बाजू कोरी. कोऱ्या बाजूला बाण काढून लिहिलंय, 'पर्जन्यछाया'. ती वही ज्या घरात आहे, ते घर त्या बाणाच्या टोकावरच आहे: धाराशिव जिल्ह्यात, तुळजापूर तालुक्यातल्या एका गावात.

बाराव्या पानापासून अक्षर बदलतं. मोठं, पेन दाबून लिहिलेलं अक्षर. आईचं, म्हणजे काकूंचं. पानाच्या मधोमध उभी रेघ. रेघेच्या डावीकडे मथळा 'आणलं', उजवीकडे 'न्हाई आणलं'. डावीकडे गोडेतेल, साखर, चहापत्ती, साबण. उजवीकडे मेथी दोन जुड्या ३०, दोडका अर्धा किलो ४०, हिरवी मिरची पाव किलो २०, मूगडाळ एक किलो ११०, शेपू एक जुडी १५, काकडी २०. खाली बेरीज, २३५. ही एका आठवडी बाजाराची नोंद. असे बाजार वहीत ओळीने मांडलेत.

दुकानदाराची उधारीची वही मी पाहिली आहे, सोसायटीचं कर्जाचं पुस्तक पाहिलंय, लग्नातली आहेराची वहीसुद्धा. न घेतलेल्या वस्तूंची वही पहिल्यांदाच हातात आली. "हे कशाला लिहिता?" असं विचारलं, तर काकू हसल्या. "मालक म्हनायचे, तुझ्या एकरात पैसा कुठं दिसतुय? म्हनलं, दाखवते."

संपादकांनी यंदा या अंकासाठी 'पोट' हा विषय दिला, तेव्हा त्यांचं एवढंच म्हणणं होतं, की धोरणांवर लिहिणारे पुष्कळ आहेत, तुम्ही कुणाच्या तरी चुलीपर्यंत जाऊन या. श्रावणात मी गेले. काकूंच्या एकरावर पोचायच्या आधी बाकीचं शिवार पार करावं लागलं, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

दोन्ही बाजूंना सोयाबीन

सोलापूर मागे पडलं आणि घाट चढून वर आलं, की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गुडघाभर उंचीचं सोयाबीन लागतं. शिवार संपून दुसरं सुरू होतं, बांध मागे पडतो, पीक तेच. मधूनच तुरीचे तास, कुठे उसाचा पट्टा. सगळं हिरवंगार. पण तास दोन तास हिंडलं, तरी माणसाला उपटून तोंडात टाकता येईल असं काही सापडत नाही. शेंगदाणा नाही, मुगाची शेंग नाही, काकडीचा वेल नाही.

सोयाबीनला शिव्या देणं सोपं आहे. शेतकऱ्याने ते का धरलं, हेही पाहायला हवं. शंभर दिवसांत पीक हातात येतं. मळणी यंत्रावर होते. लातूरला मोठी बाजारपेठ आणि तेलाचे कारखाने, त्यामुळे माल पडून राहत नाही. दिवाळीच्या तोंडाला रोख पैसे मिळतात आणि रान हरभऱ्याला मोकळं होतं. ज्वारीचं तसं नाही. कणसात दूध भरलं की पाखरं राखायला माळ्यावर गोफण घेऊन उभं राहायचं, मग काढणी, कणसं खुडणं, पेंढ्या बांधणं, गंज रचणं. एवढी माणसं आता घरात नाहीत आणि मजुरीने लावायची तर परवडत नाही.

पण ज्वारी गेली ती एकटी गेली नाही. तिच्याबरोबर कडबा गेला. कडबा गेला तशी दावणीची जनावरं कमी झाली. जनावरं कमी झाली तसं शेणखत आटलं, आणि शेणखताची जागा भरायला युरियाचं पोतं आलं. उधारीचं. सोयाबीनच्या भुसकटाला कडब्याची सर नाही, हे कुणीही सांगेल. दुसरीकडे तणनाशक आलं. खुरपणीची मजुरी वाचली, पण आषाढात बांधाबांधाने उगवणारा तांदुळजा, घोळ, पाथरी, कुर्डू यांचाही त्यात निकाल लागला. आषाढ म्हणजे कणगीचा तळ दिसायचा महिना. जुनं संपत आलेलं, नवं अजून मातीत. अशा दिवसांत या फुकटच्या भाज्यांनी घरं तगवली होती.

शेताचं रिकामपण या भागात वर्षातून एकदा उघडं पडतं, ते येळवसेला. मार्गशीर्षातली ही अमावस्या लातूर-धाराशिवकडचा आणि शेजारच्या कानडी मुलखाचा मोठा सण. गावं ओस पडतात, सगळे रानात जातात. कडब्याची कोप करायची, तिच्यात पाच दगड मांडून पूजा करायची, मग पंगत. ज्वारीची आंबील, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि भज्जी. भज्जी म्हणजे त्या दिवशी शिवारात जे जे आहे ते सगळं: तुरीचे ओले दाणे, हरभऱ्याचा पाला आणि घाटे, वाटाणा, वाल, मेथी, कांद्याची पात, वांगं, गाजर, वर बेसन आणि चिंच. "आता भज्जीची भाजी बाजारातनं इकत आनत्यात," काकूंच्या सासूबाई म्हणाल्या. "पिशवीत घालून रानात न्यायची, आन् रानातच बसून खायची. कोपीला कडबासुदिक शेजाऱ्याचा."

सासूबाईंचं वय त्यांना सांगता येत नाही, पण ७२ च्या दुष्काळात त्या खडी फोडायला जात होत्या. सुकडी खाल्लेली आठवते, मिलो नावाची अमेरिकेची तांबडी ज्वारी आठवते. मिलोच्या भाकरीची चव कशी होती विचारलं, तर त्यांनी नुसता हात झटकला.

"मला एक एकर द्या"

महाराष्ट्रात १९७०-७१ साली एका खातेदाराच्या वाट्याला सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती. २०१५-१६ च्या कृषिगणनेत ती १.३४ हेक्टरवर आली, म्हणजे सव्वातीन एकर. काकूंच्या घरची तेवढीच आहे. दीर वेगळे निघाल्यावर वाट्याला आलेली, त्यातला वरचा एकराचा तुकडा बरड.

या जिल्ह्यात बायकांनी घरातून एक एकर मागून घ्यायची चळवळ चालवली ती स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. घरं पुन्हा बांधायच्या कामात गावातल्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून उभं करण्यात आलं आणि त्या कामातून ही संस्था या भागात रुजली. ती उभी करणाऱ्या प्रेमा गोपालन २०२२ मध्ये गेल्या. भूकंपानंतर वीस वर्षांनी दुष्काळांची रांग लागली. २०१२, मग २०१४, २०१५. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, तो याच मालिकेचा शेवट. त्या वर्षांत सोयाबीन आणि ऊस जळाले तेव्हा घरात खायलाही काही उरलं नाही, कारण खाण्यासाठी काही पेरलंच नव्हतं. संस्थेचं म्हणणं साधं होतं. सगळी शेती बदलू नका. अर्धा नाहीतर एक एकर बाईच्या ताब्यात द्या. तिथे काय पेरायचं ते ती ठरवेल आणि आधी घराचं खाणं पेरेल. या कामाला २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

पुरस्काराच्या बातमीत जे येत नाही, ते काकूंच्या ओसरीवर ऐकलं. एक एकर मागणं म्हणजे घरात महिनाभर धुसफूस. संस्थेच्या बैठकीत शिकवलेलं सगळं त्यांनी मालकांना सांगून पाहिलं. मालक ऐकून घेत आणि विषय बदलत. शेवटी त्यांनी हिशेब मांडला. बियाण्याची पिशवी, खत, दोन फवारण्या, तणनाशक, काढणीचा ठेका, मळणी, मार्केटचं भाडं. एकरी सहा-सात क्विंटल धरले आणि भाव चार हजारांच्या आसपास, तर हातात उरतं ते बारा-तेरा हजार, तेही पावसाने साथ दिली तर. "म्हनलं, एवढ्याची तर आपन वर्षाची भाजी आन् डाळ आनतो. मग ते एकर मला द्या. तुमचं काय जातंय?"

त्यांचा भावाचा अंदाज चुकीचा नव्हता. २०२४ च्या खरिपासाठी सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये जाहीर झाला होता आणि दिवाळीच्या सुमारास बाजार त्याच्या बराच खाली होता.

मालकांनी दिला तो वरचा बरड तुकडा. खडकाळ, उताराचा, विहिरीपासून लांब. बायकांच्या वाट्याला अशीच जमीन येते, असं मला नंतर भेटलेल्या चार जणींनीही सांगितलं. "चांगलं रान कोन देतंय, ताई? आधी वाईट रानात करून दाखवायचं."

चाळीस गुंठे, उताराला आडवे

त्या रानात मी काकूंच्या मागे चालत गेले. पहिली गोष्ट दिसली ती म्हणजे सगळे तास उताराला आडवे. पाऊस जोरात आला की पाणी प्रत्येक तासाशी अडतं, मुरतं, मग पुढे सरकतं. बांधाच्या कडेला मक्याच्या दाट दोन ओळी. वाऱ्याला आडोसा होतो आणि रस शोषणाऱ्या किडी बाहेरून येतात त्यांनाही. मक्याच्या आत चवळी. चवळीवर मावा पडलेला होता, आणि मी "औषध मारत नाही का?" विचारलं तेव्हा काकूंनी पान उलटं करून दाखवलं. तांबड्या पाठीवर काळे ठिपके असलेले ढालकिडे मावा खात होते. "हितं मावा ऱ्हाऊ दिला, तर हे ऱ्हात्यात. हे ऱ्हायले, की वांग्यावर जात्यात." मिरची-वांग्याच्या कडेने झेंडू. तो मुळांना लागणाऱ्या सूत्रकृमींना आवर घालतो आणि दसऱ्याला विकलाही जातो.

मधल्या पट्ट्यात तूर आणि मूग. या जोडीची रचना इतकी बेतीव आहे की ती पाहताना मजा वाटते. मूग साठ-पासष्ट दिवसांत तयार होतो. तोवर तूर सावकाश वाढत असते, तिला घाई नसते. मूग उपटला की मोकळं झालेलं रान तूर व्यापते, सोटमूळ खोल नेते आणि पाऊस थांबल्यावर खालच्या ओलीवर पौषापर्यंत उभी राहते. एका पिकाला पावसाचा खंड लागला तर दुसरं सावरतं. मूग गौरी-गणपतीच्या सुमाराला घरात येतो, ओली तूर येळवसेला, वाळलेली संक्रांतीनंतर. खालच्या पट्ट्यातली मूग-उडदाची जागा पुढे शाळू घेतो. तो हस्ताच्या पावसावर पेरायचा, शिमग्याच्या आसपास काढायचा.

दहा गुंठे भाजीला. दोडका आणि कारलं काट्याच्या कुंपणावर चढवलेलं, म्हणजे मांडवाचा खर्च नाही. मेथी, शेपू, चुका, कोथिंबीर यांचे वाफे दर दहा-बारा दिवसांनी एक असे पेरलेले. एक संपेपर्यंत दुसरा हाताशी येतो. सगळं एकदम पेरलं तर निम्मं फुलोऱ्यावर जातं आणि उरलेल्या महिन्यात काहीच नसतं, हे त्या पहिल्या वर्षी चुकून शिकल्या. दुधीचा वेल आणि शेवगा मात्र घराजवळ, न्हाणीच्या पाण्यावर.

लिंबाच्या झाडाखाली दोनशे लिटरचा निळा पिंप. त्यात जीवामृत: दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, बांधावरची मूठभर माती आणि पाणी. हे प्रमाण अमरावतीच्या बेलोऱ्याच्या सुभाष पाळेकरांनी महाराष्ट्रभर पोचवलं. काकू बेसनाऐवजी डाळीची चुरी दळून घालतात. गूळ आणि पीठ खाऊन शेणातले जिवाणू वाढतात, असं त्यामागचं सांगणं. त्याचा पिकाला नेमका किती फायदा होतो यावर कृषिशास्त्रज्ञांत वाद आहेत, आणि काकूंच्या बोलण्यातही भाबडेपणा नव्हता. "नुस्त्या पान्यावर पीक येत न्हाई. शेनखत टाकावंच लागतंय. पन ह्यानं दुकानाची पायरी सुटली." निंबोळी अर्कही घरचाच. आषाढात गोळा करून वाळवलेल्या निंबोळ्या, त्यातल्या पाच किलो कुटून रात्रभर भिजवायच्या, गाळून शंभर लिटर करायचं आणि संध्याकाळी फवारायचं, कारण उन्हात त्याचा गुण उतरतो.

घरी आल्यावर उतरंडीची मडकी त्यांनी एकेक काढून दाखवली. राखेत घोळलेलं उडदाचं बी, कापडात बांधलेलं वांग्याचं, आणि आढ्याला टांगलेले वाळलेले दोडके, ज्यांचं बी पेरायच्या दिवशीच काढायचं. गटातल्या बाईला बी द्यायचं ते उसनं, परत घ्यायचं ते दीडपट.

ही वाट जुनीच

एक एकराची ही कल्पना कुणा परदेशी तज्ज्ञाने आणून दिली, असं वाटायचं कारण नाही. आपल्याकडे तिचे दोन ठळक पूर्वज आहेत आणि दोघांनाही आपण विसरत चाललोय.

पहिले श्री. अ. दाभोळकर. कोल्हापूरचे हे गणिताचे अध्यापक. 'प्रयोग परिवार' नावाने त्यांनी शेतकऱ्यांचं जाळं विणलं आणि द्राक्षबागायतदारांना प्रयोग करायला शिकवलं. पण त्यांचा खरा ध्यास होता दहा गुंठ्यांचा. पाच माणसांचं कुटुंब दहा गुंठ्यांत नीट जगू शकतं का, हा प्रश्न त्यांनी सूर्यप्रकाश, पानांचं क्षेत्रफळ आणि मुळांचं जाळं मोजत सोडवायला घेतला. 'विपुलाच सृष्टी' हे त्यांचं पुस्तक त्याच विचाराचं.

दुसरे शरद जोशी. रास्त भावासाठी रस्ते अडवणारे म्हणून ते सगळ्यांना माहीत. १९८६ मध्ये चांदवडला त्यांच्या शेतकरी संघटनेने बायकांचं प्रचंड अधिवेशन भरवलं. १९९१ मध्ये शेगावला त्यांनी 'चतुरंग शेती' मांडली: सीताशेती, माजघरशेती, व्यापारशेती आणि निर्यातशेती. त्यातली सीताशेती म्हणजे बाईच्या हातातला जमिनीचा तुकडा, जिथे विकतचं काही न घालता ती आपल्या अकलेने पिकवेल. बाजाराचा एवढा कट्टर पुरस्कर्ता माणूस चार अंगांतलं पहिलं अंग बाजाराबाहेर ठेवतो, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. त्यांचा तर्क असा, की ज्याच्या घरात खाणं आहे, तोच बाजारात माल रोखून धरू शकतो.

आणि शेजारीही पाहायचं तर फार लांब जायला नको. बीदरच्या पलीकडे, तेलंगणातल्या जहीराबाद भागात डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित बायकांनी नव्वदच्या दशकात पडीक रानं वहिवाटीखाली आणली आणि स्वतःचं रेशन सुरू केलं. मशागतीसाठी मिळालेलं कर्ज ज्वारीच्या रूपात फेडायचं, ती ज्वारी गावातच साठवायची आणि आषाढाच्या ओढगस्तीत गरीब घरांना स्वस्तात द्यायची. रेशनवर तांदूळ मिळत असताना ज्वारीचं रेशन काढायची ही हिंमत. २०१९ मध्ये इक्वेटर पुरस्कार त्यांच्याकडेही गेला.

कणगी भरलेली, ताट उणं

आज भुकेचं रूप ७२ सालासारखं नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबाला माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळतं, अंत्योदय कुटुंबाला पस्तीस किलो, आणि २०२३ पासून ते मोफत आहे. काकूंच्या घरातही रेशनचा गहू-तांदूळ येतो आणि त्यांना त्याचं मोल ठाऊक आहे. "त्यो हाय म्हनून झोप लागती." उपाशी कुणी झोपत नाही.

पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला आणि पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली. गहू-तांदळाच्या पोत्यातून हे भरून निघत नाही. त्याला डाळ लागते, हिरवा पाला लागतो, तीळ-जवस लागतात, एखादं अंडं लागतं. आणि या वस्तू विकत आणायच्या असल्या, की पहिली काटछाट त्यांच्यावरच येते. तेल-मीठ सुटत नाही, दवाखाना सुटत नाही, मुलांची फी सुटत नाही. सुटते ती भाजी. त्यातही कालवण कमी पडलं की कोण कोरडी भाकरी खातं, हे मराठी वाचकाला सांगायला नको.

वहीची उजवी बाजू या जागी कामाला येते. शेतात मेथी उभी असली, की ती आणायची की नाही हा प्रश्नच उद्भवत नाही. ती खाल्ली जाते. जास्त झाली तर शेजारी जाते, उरली तर चौकात विकली जाते. दुपारी आम्ही जेवलो तेव्हा ताटात ज्वारीची भाकरी, दोडक्याची भाजी, मुगाचं वरण, चवळीच्या शेंगा, जवसाची चटणी आणि काकडी होती. मी पाहुणी म्हणून हे केलं का, असं मी मुलीला हळूच विचारलं. "पापड तेवढा तुमच्यासाठी," ती म्हणाली.

जगभरात शेतीची साठ कोटींहून अधिक खाती आहेत. त्यांतली सुमारे ८४ टक्के दोन हेक्टरच्या आतली. त्यांच्या वाट्याला जगातली १२ टक्के शेतजमीन आणि त्यांच्याकडून येतं जगाचं जवळपास एक तृतीयांश अन्न. या छोट्या रानांवर बाईच्या वाट्याला काय येतं, याचा एक नेटका अभ्यास ख्रिस्तोफर उड्री या अर्थशास्त्रज्ञाने पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासोत केला आणि तो १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे एकाच घरात नवऱ्याचं रान वेगळं, बायकोचं वेगळं. एकच घर, एकच पीक, एकच साल, तरी बायकोच्या रानाचं उत्पन्न सुमारे तीस टक्क्यांनी कमी. कारण शेणखत आणि मजूर नवऱ्याच्या रानात जात होते. खत दोन्ही रानांत नीट वाटलं असतं, तर त्याच घराचं एकूण धान्य वाढलं असतं. काकूंना मी हे सांगितलं. त्यांनी विचारलं, "ते बी आपल्यावानीच का?"

सातबाऱ्यावर कोण

सगळ्या गोष्टी इतक्या सरळ जात नाहीत. त्याच गावात दुसऱ्या आळीला एक ताई भेटल्या. त्यांनाही असाच माळाचा तुकडा मिळाला होता. तीन वर्षं त्यांनी त्यात शेणखत घातलं, दगड वेचले, पालापाचोळा गाडला. चौथ्या वर्षी माती काळी पडली, आणि नवऱ्याने तिथे सोयाबीन पेरलं. "रान चांगलं झालतं ना," त्या म्हणाल्या. सातबारा नवऱ्याच्या नावावर. भांडायचं कशाच्या जोरावर?

२०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातल्या वहिवाटीच्या खात्यांपैकी सुमारे १४ टक्केच बायकांच्या नावावर होती. पेरणी, खुरपणी, वेचणी, बी राखणं हे सगळं बाई करते, पण नाव नाही म्हणून पीककर्ज नाही, पीकविमा नाही, अतिवृष्टीची भरपाई नाही. कृषी खात्याच्या कागदावर ती शेतकरीच नाही. नवरा गेला आणि वारसनोंद अडली, तर ती स्वतःच्याच रानात परकी.

शिवाय कामाचा प्रश्न आहे. या एकराचं कौतुक करणारे लेख, यात माझाही आला, एक गोष्ट झाकून ठेवतात: हे एकर बाईच्या दिवसात नव्याने येतं, जुनं काही कमी होत नाही. काकू पहाटे साडेचारला उठतात. पिंप ढवळणं, वाफे, दुपारी दुसऱ्याच्या रानात खुरपायला, संध्याकाळी पुन्हा फवारणी. मालक आता वही पाहून पिंपात पाणी भरून देतात, हा मोठा बदल. स्वयंपाक अजून काकूंचाच. आणि पाणी नसेल तर यातलं बरंच काही उभं राहत नाही. तूर आणि शाळू खंड सोसतात, मेथी सोसत नाही. दहा गुंठ्यांना पुरेल एवढं ठिबक आणि शेततळ्यातला वाटा मिळाला तर भाजी उन्हाळ्यात टिकते, नाहीतर माघात वाफे रिकामे. ज्यांना जमीनच नाही, त्या गटाने अर्धा एकर ठोक्याने घेतात, आणि ठोका दरवर्षी वाढतो. कर्जाचा डोंगर या एकराने उतरत नाही. तो सोयाबीनचा भाव ठरवतो, आणि भाव काकूंच्या हातात नाही.

तरीही, महिनाभरात पाहिलेल्या सगळ्या योजनांत मला हीच सर्वांत भक्कम वाटली. घरातला निर्णय एका माणसाच्या हातून दुसऱ्याच्या हातात, तोही चाळीस गुंठ्यांपुरता, सरकवायचा, आणि ताट बदलतं. तो निर्णय टिकायचा असेल, तर मात्र तो कागदावर यावा लागेल.

त्यासाठी नवा कायदा लागत नाही. शेतकरी संघटनेने बायकोच्या नावे जमीन करून देण्याची 'लक्ष्मीमुक्ती' मोहीम राबवली, गावंच्या गावं त्यात उतरली, आणि १९९२ मध्ये राज्य शासनाने त्याच नावाची योजना काढली. नवऱ्याने तहसीलदारांकडे अर्ज करायचा, की माझ्या सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून पत्नीचं नाव लावा. खरेदीखत नाही, मुद्रांक नाही, नोंदणी शुल्क नाही. तीस वर्षं उलटली, तरी मी विचारलेल्या अकरा घरांपैकी नऊ घरांना ती ठाऊक नव्हती.

परत आल्यावर मी सासरचा सातबारा ऑनलाइन काढून पाहिला. पाच एकर एकोणीस गुंठे, चार नावं, चारही पुरुषांची. सासूबाईंनी त्या रानात चाळीस वर्षं खुरपलं. त्यांचं नाव कुठेच नाही, माझं असण्याचा प्रश्नच नव्हता. हा अंक ज्यांच्या हातात आहे, त्यांतल्या बऱ्याच जणांच्या गावी असा एक सातबारा असेल. दिवाळीला गावी जाल, तेव्हा तो एकदा काढून वाचा.

आमचा अर्ज मी भरून ठेवलाय. सही यजमानांची लागते. पाडव्याच्या ओवाळणीत तीच मागणार आहे.